अर्धाच चेंडू का पुसतात?

पुढच्या वेळी टीव्हीवर कसोटी सामना लागला, की थोडा वेळ धावफलक विसरा आणि गोलंदाजाच्या पँटकडे बघा. पांढरीशुभ्र पँट, आणि मांडीपाशी हा एवढा लाल डाग! कोणाच्याही आईला बघवणार नाही असा. गोलंदाज चालत चालत परत जातो तेव्हा चेंडू तिथे घासत असतो. मिडऑफच्या फिल्डरकडे चेंडू गेला, की तोही घासतो. कव्हर्समधलाही घासतो.

आता जरा नीट बघा. सगळे जण चेंडूची एकच बाजू घासतात. दुसऱ्या बाजूला कोणी हातसुद्धा लावत नाही. तिला खरचटू देतात, काळवंडू देतात. चेंडू स्वच्छ ठेवायचा असता, तर अख्खा पुसला असता की! म्हणजे यात काहीतरी डाव आहे. आणि या डावापायी क्रिकेटमध्ये भांडणं झालीत, बंदी घातली गेलीय, एका कर्णधाराचं तर कर्णधारपदही गेलंय.

आधी चेंडूच बघू. आत बुचाचा म्हणजे कॉर्कचा गोळा असतो, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा आणि वरून लाल चामडं. वजन 156 ते 163 ग्रॅमच्या मधे. मधोमध टाक्यांच्या सहा रांगा जातात, तीच चेंडूची शिवण. कॉमेंट्रीत सतत ‘सीम, सीम’ म्हणतात ना, ती हीच. भारतात कसोटीला एसजी कंपनीचा चेंडू वापरतात. तो मेरठला तयार होतो आणि त्याची शिवण हाताने घालतात. इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा चेंडू, ऑस्ट्रेलियात कुकाबुराचा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, त्यामुळे परदेशी गेलेल्या गोलंदाजाला तिथल्या चेंडूशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

नवा चेंडू दोन्ही बाजूंनी सारखाच चकचकीत असतो. मग तो बॅटवर आदळतो, खेळपट्टीवर टप्पा खातो, सीमारेषेवरच्या जाहिरातीच्या फळीवर धाडकन आपटतो. चकाकी उडायला लागते. इथे गोलंदाज ठरवतो, की एक बाजू वाचवायची आणि एक बाजू देवाच्या भरवशावर सोडायची.

का? ते कळायला हवेकडे वळायला हवं.

घरातला पंखा बंद करा आणि त्याचं पातं बघा. त्यावर धुळीचा थर असतो. इतका गरगर फिरणारा पंखा, सगळ्या घरादाराला वारा घालतो, मग स्वतःच्या अंगावरची धूळ का उडवू शकत नाही? कारण पात्याला अगदी चिकटून हवेचा एक पातळसा थर असतो आणि पात्याच्या लगत तो पात्याबरोबरच फिरतो. धुळीच्या बारीक कणांना त्यामुळे वारा लागतच नाही. अशीच हवेची पातळ चादर गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूभोवतीही असते. समोरून आलेली हवा चेंडूला लगटून मागे जाते आणि मागच्या बाजूला कुठेतरी चेंडूला सोडून देते.

ती नेमकी कुठे सोडते, यावर सगळा खेळ आहे.

गुळगुळीत बाजूवरची हवा शाळेच्या प्रार्थनेला जाणाऱ्या रांगेसारखी शिस्तीत सरकते. खडबडीत बाजू किंवा शिवण आडवी आली, की तीच रांग मधल्या सुट्टीची होते: ढकलाढकली, गोंधळ, भोवरे. तुम्हाला वाटेल, शिस्तीतली हवाच चेंडूला जास्त वेळ धरून राहत असेल. उलट आहे! शिस्तीतली हवा लवकर दमते आणि चेंडूला लवकर सोडते. गोंधळातल्या हवेत वरच्या वेगवान हवेची सतत सरमिसळ होत असते, तिला नवा जोर मिळत राहतो आणि ती चेंडूच्या पाठीमागपर्यंत चिकटून राहते. त्यामुळे चेंडूमागून निघणारा हवेचा झोत गुळगुळीत बाजूकडे वळतो. हवा इकडे ढकलली गेली, की चेंडू तिकडे ढकलला जाणारच. न्यूटनचा तिसरा नियम क्रिकेटच्या मैदानावरही चालतो. म्हणून चेंडू खडबडीत बाजूकडे, शिवण जिकडे तोंड करून असते तिकडे वळतो. याचं नाव स्विंग.

नव्या चेंडूला तर खडबडीत बाजूही लागत नाही, तिरकी धरलेली शिवण एकटी पुरते. चेंडू जुना झाला, की मात्र ती पँटवरची घासाघास कामाला येते.

हे सगळं नुसत्या तर्काने ठरलेलं नाही बरं का. रवींद्र मेहता नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम केलंय. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी खरोखरीचे क्रिकेटचे चेंडू वाऱ्याच्या बोगद्यात सोडून मोजमाप केलं आणि 1983 साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञानपत्रिकेत त्यावर निबंध लिहिला. मेहता शाळेत असताना कोणाबरोबर क्रिकेट खेळायचे माहीत आहे? इम्रान खानबरोबर! इंग्लंडमधल्या वूस्टरच्या एकाच शाळेच्या संघात दोघे होते. एक पुढे पाकिस्तानचा कर्णधार झाला आणि दुसऱ्याने चेंडू का वळतो ते शोधलं.

मेहतांच्या मोजमापात नवा चेंडू सर्वांत छान स्विंग झाला तो ताशी 110-115 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सर्वांत वेगवान गोलंदाज हा सर्वांत जास्त स्विंग करणारा असेलच असं नाही. मध्यमगती गोलंदाजांनी ही ओळ वहीत लिहून ठेवावी.

वेग फार वाढला, की मात्र गंमत होते. हवा इतक्या जोरात येते की दोन्ही बाजूंना गोंधळच माजतो. आता शिवण मदत करायची सोडून आड येते. तिच्यामुळे त्या बाजूचा हवेचा थर जाड आणि अशक्त होतो आणि लवकर सुटतो. मग चेंडू शिवणीच्या उलट दिशेला वळतो. हाच तो रिव्हर्स स्विंग. जुन्या, एका बाजूने चांगल्या झिजलेल्या चेंडूला यासाठी फार अफाट वेगही लागत नाही. तो चकचकीत बाजूकडे वळतो. फलंदाज बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट बघत बॅट पुढे करतो आणि चेंडू आत येऊन त्याची यष्टी घेऊन जातो. ही कला जगाला दाखवली पाकिस्तानच्या सरफराझ नवाझ, इम्रान खान, वसीम अक्रम आणि वकार युनिस यांनी. 1979 साली मेलबर्नला सरफराझने 33 चेंडूंत फक्त एक धाव देऊन ऑस्ट्रेलियाचे सात गडी बाद केले होते. आपल्याकडे श्रीरामपूरचा झहीर खान यात तरबेज होता. तो धावत येताना चेंडूवर दुसरा हात झाकण घातल्यासारखा धरायचा, म्हणजे चकचकीत बाजू कोणती ते फलंदाजाला शेवटपर्यंत दिसायचं नाही.

पण लपवलेलं शोधणारेही असतातच. 1999 साली मोहालीच्या कसोटीत न्यूझीलंडने भारताचा पहिला डाव 83 धावांत गुंडाळला होता. दुसऱ्या डावात ख्रिस केर्न्स चेंडू रिव्हर्स करायला लागला. राहुल द्रविड खेळत होता आणि सचिन तेंडुलकर दुसऱ्या टोकाला, म्हणजे केर्न्सच्या अगदी शेजारी उभा होता. सचिनने द्रविडला सांगितलं, की मी इथून त्याची पकड बघतो. चेंडू एका दिशेला वळणार असेल तर मी बॅट एका हातात धरीन, दुसऱ्या दिशेला वळणार असेल तर दुसऱ्या हातात. केर्न्स बिचारा चेंडू लपवत होता समोरच्यापासून, आणि चहाडी करणारा उभा होता शेजारीच! त्या डावात द्रविडने 144 धावा केल्या आणि सचिन 126 वर नाबाद राहिला. ही हेरगिरी नियमात बसते, कारण चेंडूला कोणी हात लावलेला नाही.

हात लावला, की नियम 41.3 जागा होतो.

क्रिकेटचे नियम लंडनचा एमसीसी हा क्लब लिहितो. चेंडूच्या बाबतीत तो म्हणतो: कपड्यावर घासून चकाकी आणा, पण त्यासाठी बाहेरचं काही लावायचं नाही आणि वेळ घालवायचा नाही. चेंडू ओला झाला तर पंचांनी मान्य केलेल्या फडक्याने पुसा. चिखल लागला तर काढा, पण पंचांच्या डोळ्यांदेखत. घाम चालतो. थुंकी पूर्वी चालायची. करोनाच्या साथीत 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीने ती बंद केली आणि 2022 मध्ये ती बंदी कायमची झाली. (आयपीएलने मात्र 2025 च्या हंगामात थुंकीला पुन्हा परवानगी दिली. करोनामुळे बंद झालेल्या गोष्टी परत येतात त्या अशा!) नखाने खरवडणं, दाताने चावणं, टाके उसवणं, जमिनीवर घासणं, सगळं बंद. कोणी केलंच, तर समोरच्या संघाला फुकटच्या पाच धावा मिळतात आणि चेंडू बदलून घेता येतो. शिवाय आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडूवर वेगळी कारवाई होते. 2018 पासून जास्तीत जास्त शिक्षा सहा कसोटी किंवा बारा एकदिवसीय सामन्यांच्या बंदीएवढी आहे.

पंच यावर लक्ष कसं ठेवतात? प्रत्येक गडी बाद झाल्यावर चेंडू त्यांच्याकडे जातो. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत तो त्यांच्याच ताब्यात असतो. मधेच कधीही ते मागून घेऊन उलटसुलट करून बघतात.

तरी लोकांनी काय काय केलंय! न्यूझीलंडच्या ख्रिस प्रिंगलने 1990 मध्ये फैसलाबादला बाटलीचं झाकण कापून त्याने चेंडू खरवडला आणि एका डावात सात बळी घेतले. नंतर हे त्याने आपण होऊन सांगितलं. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीने 2010 मध्ये पर्थला कॅमेऱ्यासमोर चेंडू चक्क चावला, सफरचंद खावं तसा. दक्षिण आफ्रिकेच्या फाफ दु प्लेसीने 2013 मध्ये दुबईला पँटच्या खिशाच्या चेनवर चेंडू घासला आणि पाकिस्तानला पाच धावा मिळाल्या. गोळ्याचॉकलेटांची तर वेगळीच तऱ्हा. तोंडात गोड गोळी असली, की थुंकी साखरेने चिकट होते आणि तिने चकाकी टिकते. इंग्लंडच्या मार्कस ट्रेस्कोथिकने 2008 च्या आत्मचरित्रात लिहिलंय, की पुदिन्याची कोणती गोळी सर्वांत चांगली ते त्याने प्रयोग करकरून शोधून काढलं होतं. आपला राहुल द्रविडही 2004 मध्ये ब्रिस्बेनला खोकल्याची गोळी चेंडूला लावताना दिसला आणि त्याची सामन्याची निम्मी फी कापली गेली. हो, तोच द्रविड, सगळ्यांत सज्जन म्हणून ज्याचं नाव घेतात.

सर्वांत गाजलं ते केपटाउनचं प्रकरण. मार्च 2018. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टच्या हातात काहीतरी पिवळं आहे, असं कॅमेऱ्याने टिपलं आणि मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. त्याने घाईघाईने ते पँटमध्ये कोंबलं आणि पंचांना दुसरंच एक काळं फडकं काढून दाखवलं. संध्याकाळी सांगितलं, की ती चिकटपट्टी होती. पुढे निघालं, की तो सँडपेपर होता, म्हणजे सुतारकाकांकडे असतो तो पॉलिशपेपर. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना एक वर्ष आणि बॅनक्रॉफ्टला नऊ महिने खेळायला बंदी केली. आता यातली खरी गंमत ऐका. पंचांनी मैदानावर चेंडू तपासला, तेव्हा त्यांना त्यात काहीच फरक दिसला नाही. ना पाच धावा दिल्या, ना चेंडू बदलला. एवढी उठाठेव केली, अब्रू घालवली, आणि तो सामनाही ऑस्ट्रेलिया 322 धावांनी हरला.

याच्या बरोबर उलटं 2006 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर झालं. पंचांना वाटलं, की पाकिस्तानने चेंडू कुरतडलाय. त्यांनी इंग्लंडला पाच धावा देऊन चेंडू बदलला. आपल्याला विनाकारण चोर ठरवलं म्हणून पाकिस्तानचा संघ चहानंतर मैदानात आलाच नाही, आणि पंचांनी सामना इंग्लंडला देऊन टाकला. कसोटीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पुढे चौकशीत चेंडू कुरतडल्याचा पुरावा मिळाला नाही आणि त्या आरोपातून कर्णधार इंझमाम सुटला.

कधी कधी चेंडूचं काही बिघडवलेलं नसतं, पंचांना विचारलेलं नसतं एवढंच. 2001 मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन शिवणीत अडकलेली गवत-माती काढताना टीव्हीवर दिसला. मैदानावरच्या पंचांची काही तक्रार नव्हती, पण सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याला शिक्षा सुनावली. भारतभर संताप उसळला. वाद इतका पेटला, की पुढच्या सामन्याला डेनेसशिवायच दोन्ही संघ उतरले आणि आयसीसीने तो सामना कसोटी म्हणून धरलाच नाही. शेवटी आयसीसीने स्पष्ट केलं, की सचिनने चेंडू कुरतडलेला नव्हता, पंचांना न सांगता साफ केला होता. 2023 मध्ये आपल्या नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर रवींद्र जडेजाने दुखऱ्या बोटाला मलम लावलं. तेही पंचांना न विचारता. चेंडूला काही लागलेलं नाही, हे पंचांनी मान्य केलं. तरी त्याची सामन्याची 25 टक्के फी गेली. त्याच डावात त्याने पाच बळी घेतले होते!

फिल्डरच्याही युक्त्या बघण्यासारख्या असतात. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे फेकलेला चेंडू कधी कधी उगाचच मधे टप्पा खातो. हात दुखतोय का बिचाऱ्याचा? नाही, कोरड्या, खरखरीत खेळपट्टीवर आपटून चेंडूची खडबडीत बाजू आणखी खडबडीत करायची असते. मुद्दाम असं करणं नियमात बसत नाही, पण मुद्दाम होतं की दम पुरला नाही, हे ठरवणार कसं? पंच बहुतेक वेळा कर्णधाराला बोलावून समज देतात. रिव्हर्स हवा असेल तर खडबडीत बाजू कोरडी राहायला हवी, म्हणून घामट हाताच्या फिल्डरकडे चेंडू जास्त जाऊ देत नाहीत. इंग्लंडच्या संघात हे राखणीचं काम अ‍ॅलिस्टर कुककडे असायचं, कारण त्याला घामच फारसा येत नसे. म्हणजे घाम न येणं हासुद्धा संघात कामी येणारा गुण!

फिल्डिंगमधले आणखी काही प्रकारही पाच धावांना पडतात. यष्टिरक्षकाच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला, पाच धावा. टोपी काढून तिने मुद्दाम चेंडू अडवला, पाच धावा. आणि चेंडू हातात नसताना तो फेकल्याचं नाटक करून फलंदाजाला फसवलं, तरी पाच धावा. हे शेवटचं 2017 च्या नियमांत आलं आणि त्यात पहिला सापडला तो ऑस्ट्रेलियाचा मार्नस लाबुशेन. तुमच्या गल्लीत हा नियम लावला, तर सगळे सामने दंडाच्या धावांवरच जिंकले जातील.

आता मला सारखं खटकणारं एक सांगतो. चेंडू चकचकीत केलेला चालतो, मग खडबडीत केलेला का नाही? दोन्हीत चेंडू बदलतोच ना? मला याचं उत्तर असं वाटतं: चेंडू झिजणार हे ठरलेलंच आहे. घासून तुम्ही त्याची झीज लांबवता आणि त्यासाठी अंग मोडून मेहनत करता. खरवडून तुम्ही तीस षटकांचं काम अर्ध्या मिनिटात उरकता. नियमाला राग आहे तो या शॉर्टकटचा. पण हे काही दगडावर कोरलेलं नाही. न्यूझीलंडचा रिचर्ड हॅडली आणि दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन डोनाल्ड यांच्यासारखे मोठे गोलंदाज म्हणालेत, की थोडीफार मोकळीक द्यायला हरकत नाही. थुंकी बंद झाली तेव्हा कुकाबुरा कंपनीने चेंडूला लावायचं मेणही तयार करायला घेतलं होतं. आणि आपल्याकडचंच बघा: 1970 च्या सुमारास भारताची सगळी भिस्त बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या फिरकीपटूंवर होती. त्यांना नव्या चेंडूची चकाकी नकोच असायची. मग एकनाथ सोलकर, कधी चक्क सुनील गावसकर दोन-चार षटकं टाकायचे, आणि चकाकी लवकर जावी म्हणून चेंडू जमिनीवर घासलाही जायचा. तेव्हा ती लपूनछपून करायची गोष्ट नव्हती. आज केलं तर पाच धावा गेल्या.

एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञांनाही पटलेली नाही. ढगाळ, दमट हवेत चेंडू जास्त स्विंग होतो, असं प्रत्येक कॉमेंटेटर सांगतो. पण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, जड नव्हे. आणि दमटपणामुळे स्विंग वाढतो असा पक्का पुरावा मेहतांना मिळाला नाही. गोलंदाज तरी ढग बघून खूश होतातच.

तुम्हाला हे करून बघायचं असेल, तर एक टेनिसचा चेंडू घ्या. त्याच्या बरोबर अर्ध्या भागावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती चिकटपट्टी गुळगुळीत बसेल अशी गुंडाळा. अर्धा भाग केसाळच ठेवा. वारा नसेल अशा वेळी मित्राला वीसेक पावलांवर उभं करा आणि दोन भागांमधली रेघ सरळ त्याच्याकडे राहील असा चेंडू फेका. आधी हळू फेका, मग जोरात. चेंडू पट्टीकडे वळतो की केसाळ बाजूकडे? वेग वाढवला की दिशा बदलते का? उत्तर मी सांगणार नाही, वहीत तुम्हीच लिहा. आणि हाच चेंडू घेऊन मॅच खेळायची असेल, तर दोन्ही टीमना आधी विचारा. नाहीतर समोरच्यांना पाच धावा द्याव्या लागतील.